पोकेमॉन नसता तर अमेरिकेत ॲनिमेला एवढी पब्लिक मिळाली असती का?

चित्रवर्ग_देवगड

मी देवगडजवळ मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. हल्ली पाचवी-सहावीतल्या मुलांना माणसाचा चेहरा काढायला सांगितला की मोठे डोळे, टोकदार हनुवटी, कपाळावर आलेल्या बटा, हेच कागदावर येतं. मी त्यांना हे शिकवलेलं नाही, सगळं मोबाईलवर बघून आलंय. मला त्याचं वाईट अजिबात वाटत नाही, उलट हात छान वळायला लागलेत त्यांचे, केसांची रेघ एका दमात ओढतात. आता मे महिन्यात इथल्या वाचनालयात मुलं आणि पालक यांच्यासमोर ॲनिमेवर, म्हणजे जपानी कार्टूनवर, तासभर बोलायचं ठरलंय, म्हणून वाचायला बसले, तर जिथे जावं तिथे एकच गोष्ट, की पाश्चात्त्य देशात ॲनिमेचे चाहते तयार झाले ते पोकेमॉनच्या लाटेमुळे.

हे मला पटत पण नाही आणि सोडवत पण नाही. त्याच्या आधी तिकडे जपानी कार्टून नव्हती असं तर नाही, अकिरा हा सिनेमा येऊन गेला होता, स्पीड रेसर ही मालिका त्याच्याही कितीतरी आधीची. मग लहान मुलांच्या एका गेमने आणि कार्डांनी असं काय केलं की पुढे वीस-पंचवीस वर्षांच्या माणसांचं एवढं मोठं फॅन्डम, म्हणजे चाहत्यांचं जग, उभं राहिलं? "पॉप्युलर होता म्हणून" एवढंच उत्तर नको, पॉप्युलर तर बऱ्याच गोष्टी होतात आणि दोन वर्षांत विसरल्या जातात. ज्यांनी या विषयात डोकं घातलंय त्यांनी जरा नीट सांगा.

मिऱ्या_बंदर

ताई, प्रश्न एकदम बरोबर जागी ठेवलात, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पोकेमॉनपूर्वीचं बघू. अमेरिकेत १९६३ मध्ये ॲस्ट्रो बॉय लागला, १९६७ मध्ये स्पीड रेसर, १९८५ मध्ये रोबोटेक, आणि हा रोबोटेक तर तीन वेगवेगळ्या जपानी मालिका एकमेकींना जोडून एक केलेला. पण बघणाऱ्या पोरांना हे जपानमधून आलंय याचा पत्ताच नसायचा. आपल्याकडे दूरदर्शनवर मोगली बघितला ना सगळ्यांनी, चड्डी पहन के फूल खिला है म्हणत मोठे झालो, ती मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीची आहे हे किती जणांना माहीत होतं? तसंच तिकडे.

ज्यांना माहीत होतं ते थोडे होते आणि वयाने मोठे होते. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसला पहिला क्लब निघाला, मग कॉलेजाकॉलेजात निघाले, आणि सगळा कारभार व्हीएचएस कॅसेटवर. कुणीतरी जपानी शिकलेला माणूस घरच्या कॉम्प्युटरवर सबटायटल चढवणार, तुम्ही त्याला कोरी कॅसेट आणि परतीचं तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, तो कॉपी करून परत पाठवणार, पैसे घ्यायचे नाहीत हा नियम. कॉपीची कॉपी होत होत चित्र इतकं फिकं व्हायचं की सबटायटल वाचताना डोळे ताणायला लागायचे. दुकानात विकत घ्यायची तर दोन एपिसोडच्या कॅसेटला ३० डॉलरच्या आसपास. शाळेतलं पोरगं यात शिरणार कसं? त्याला दारच नव्हतं.

आता तारखा बघा. जपानमध्ये गेम आला २७ फेब्रुवारी १९९६ ला, ॲनिमे एप्रिल १९९७ मध्ये. अमेरिकेत सप्टेंबर १९९८ मध्ये आधी टीव्हीवर कार्टून, त्याच महिन्यात गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर रेड आणि ब्लू हे गेम, जानेवारी १९९९ मध्ये कार्डं, फेब्रुवारीत डब्ल्यूबी चॅनलच्या किड्स डब्ल्यूबी या मुलांच्या कार्यक्रमात, आणि १० नोव्हेंबर १९९९ ला सिनेमा. त्याच महिन्यात टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर. सव्वा वर्षात हे सगळं. सिनेमाने नुसत्या अमेरिकेत साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला आणि तिथल्या जपानी सिनेमांमधला हा विक्रम २०२५ मध्ये डीमन स्लेयरचा इन्फिनिटी कॅसल येईपर्यंत कुणी मोडला नाही, पंचवीस वर्षं!

पण माझ्या मते खरी गोष्ट या आकड्यात नाही. लाटा येतात जातात हे तुम्ही म्हणालातच. पोकेमॉनमध्ये एक गोष्ट अशी होती जी दुसऱ्या खेळण्यांत नव्हती, ती म्हणजे पुढचा माल जपानमध्ये आधीच तयार होता आणि पोरांना तो दिसत होता. पहिल्याच एपिसोडच्या शेवटी मालिकेचा नायक ॲश याला आकाशातून जाणारा सोनेरी पक्षी दिसतो, त्याचं ते यंत्र म्हणतं याची माहिती नाही. पोरं गेममध्ये शोधतायत, गेममध्ये तो नाहीच! तो हो-ओह, तो आला गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये. ते गेम जपानमध्ये नोव्हेंबर १९९९ ला आले आणि अमेरिकेत ऑक्टोबर २००० ला. हे मधले अकरा महिने म्हणजे माझ्या दृष्टीने पाश्चात्त्य फॅन्डमची शाळा. नऊ-दहा वर्षांची पोरं घरच्या डायल-अपवर बसून जपानी कोरोकोरो मासिकाची स्कॅन केलेली पानं शोधत होती, नवीन शंभर कोणते, नावं काय, जपानीत काय म्हणतात. पोकेमॉनची माहिती देणारी सेरेबी ही साइट १९९९ मध्येच सुरू झाली, अजून चालू आहे.

आणि दुसरी भारी गोष्ट टोरोसची. ॲशकडे अचानक तीस टोरोस आहेत, बैलासारखे पोकेमॉन ते, आणि पकडले कधी ते कुणालाच माहीत नाही. कारण त्या एपिसोडमध्ये पिस्तूल दाखवलं होतं म्हणून अमेरिकेत तो लावलाच नाही. पोरं विचारणारच ना कुठून आले, आणि शोधायला गेलं की कळायचं की एक मूळ जपानी मालिका आहे, तिच्यातलं कापलंय, ॲशचं नाव सातोशी आहे, गेम बनवणाऱ्या सातोशी ताजिरी यांच्यावरून ठेवलेलं. ॲशचा मित्र ब्रॉक हातात सरळ सरळ भाताचा गोळा धरून त्याला जेली डोनट म्हणतो, ते पण तिथेच कळायचं. स्पीड रेसरच्या पोरांना हे कधी कळलं नाही कारण विचारायला जागा नव्हती. १९९९ च्या पोरांना जागा होती. वेळ जुळली ती इथे, घराघरात इंटरनेट शिरणं आणि पोकेमॉन येणं एकाच वेळी झालं.

आणि मग वय मोजा. १९९९ ला जो नऊ वर्षांचा, तो २००१ मध्ये यू-गी-ओह बघतोय अकराव्या वर्षी, २००२ च्या शेवटी इंग्रजी शोनेन जंप मासिक निघालं तेव्हा बारा, २००५ मध्ये कार्टून नेटवर्कच्या टूनामी या कार्यक्रमात नारुटो आला तेव्हा पंधरा. प्रत्येक वयाला पुढची पायरी तयार मिळत गेली. पायऱ्या बांधल्या त्या कंपन्यांनी, पैशासाठी बांधल्या, पण पहिल्या पायरीवर एवढी गर्दी नसती तर पुढच्या बांधायची हिंमत कुणी केली नसती असं माझं ठाम मत आहे.

हर्णै_दीपस्तंभ

वरचं सगळं वाचलं, अभ्यास आहे, पण मी अर्धाच सहमत.

एक तर "पाश्चात्त्य" म्हणजे फक्त अमेरिका धरून चाललंय हे. फ्रान्समध्ये १९७८ ला गोल्डोराक ही जपानी मालिका लागली आणि तिकडची पोरं वेडी झाली, इटलीत पण तीच मालिका त्याच वर्षी. मग फ्रान्समध्ये १९८७ पासून दहा वर्षं क्लब डोरोथे नावाचा कार्यक्रम, त्यात ड्रॅगन बॉल, सेंट सेया, सेलर मून, सगळं. तिथे पोकेमॉन आला तेव्हा ॲनिमे बघून मोठी झालेली एक पिढी नोकरीला लागली होती. त्यामुळे ताई, तुमच्या भाषणात अमेरिका आणि युरोप वेगळे ठेवा, नाहीतर चुकीचं चित्र जाईल.

दुसरं, अमेरिकेतसुद्धा. सेलर मून १९९५ पासून लागत होती, सकाळी अशा वेळेला की पोरं शाळेला निघालेली, म्हणून चालली नाही, बंद पडली. तर चाहत्यांनी सेव्ह अवर सेलर्स म्हणून मोहीम काढली, सह्या, पत्रं. हे पोकेमॉन अमेरिकेत यायच्या आधी. ड्रॅगन बॉल झी १९९६ पासून, आणि ऑगस्ट १९९८ मध्ये टूनामीवर संध्याकाळच्या वेळेत आला, म्हणजे पोकेमॉनच्या फक्त काही दिवस आधी. शाळेतून आल्यावर रोज. ज्या पोरांनी पुढे काउबॉय बीबॉप, नारुटो हे बघितलं ती मला तरी टूनामीची पोरं वाटतात. पोकेमॉनवाली कितीतरी पोरं पोकेमॉनमध्येच राहिली, आजही गेम खेळतात, कार्डं जमवतात, बाकी ॲनिमेशी त्यांचा काही संबंध नाही. पहिल्या पायरीवर गर्दी होती हे मान्य, पण त्यातले वर किती चढले हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती कुणी गोड शब्दांत सांगू नये. पोकेमॉनने तो इंग्रजीत आणणाऱ्या फोरकिड्स या कंपनीला मोठं केलं, आणि तिने तोच साचा सगळ्यांना लावला. संगीत बदला, जपानी अक्षरं पुसा, भात दिसला की दुसरं काहीतरी म्हणा. पोकेमॉनच्या पहिल्या सिनेमात मूळ लेखक ताकेशी शुदो यांनी माणसांनी बनवलेल्या म्यूटू या पोकेमॉनच्या तोंडी मी कोण, मला कशासाठी बनवलं, हा प्रश्न ठेवला होता, इंग्रजीत तो बराचसा खलनायक झाला आणि भांडण वाईट असा उपदेश वर चिकटवला, ज्या गोष्टीत मुळात भांडणं लावून खेळतात तिच्यात! २००४ मध्ये वन पीसचं तर वाटोळंच केलं, त्यातल्या सांजी या पात्राच्या तोंडातली सिगारेट काढून लॉलीपॉप. आज सब, म्हणजे मूळ जपानी आवाज आणि खाली सबटायटल, बघायचं की डब यावर जी भांडणं होतात, मूळ तेच खरं हा जो हट्ट आहे, त्याची मुळं या रागात आहेत. म्हणजे पोकेमॉनच्या लाटेने चाहते दिले ते दिलेच, पण त्यांना संशयी पण केलं. हे पण घडवणंच आहे.

मिऱ्या_बंदर

युरोपचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी अमेरिकेपुरतंच बोलत होतो. पण टूनामीबद्दल एक सांगतो. ड्रॅगन बॉल झीचे जुने एपिसोड संपल्यावर नवीन डब करायला पैसे घालणं, कार्टून नेटवर्कने आणखी जपानी मालिका विकत घेणं, हे १९९९ आणि त्याच्या पुढचं आहे, जेव्हा प्रत्येक चॅनलला आपला पोकेमॉन हवा होता. डिजिमॉन, मॉन्स्टर रँचर, कार्डकॅप्टर्स, सगळे त्याच वर्ष-दीड वर्षात आले. झी स्वतःच्या जोरावर चालला हे खरं, पण जपानी माल विकत घेणं म्हणजे धोका नाही हे चॅनलवाल्यांना पटवलं पिकाचूने. रागाचा मुद्दा मात्र तुझा फार चांगला, तो माझ्या लिहिण्यात यायला हवा होता.

वेंगुर्ल्याची_मेघा

दोघंही टीव्ही चॅनलवर भांडताय आणि मुलींबद्दल एक ओळ नाही. ताई मुलांना चित्रं शिकवतात, त्यांना हाच भाग लागणार आहे म्हणून लिहिते.

कॅसेटवाल्या क्लबांमध्ये बहुतेक कॉलेजची मुलंच, म्हणजे मुलगे. रोबोट, अंतराळयानं, मारामारी. सेलर मूनने मुली आणल्या हे खरं, पण शाळेच्या मैदानावर मुलगे आणि मुली एकाच गोष्टीवर बोलतायत हे पोकेमॉनने केलं. गेमची रचनाच तशी आहे, रेडमध्ये काही पोकेमॉन मिळत नाहीत, ब्लूमध्ये काही मिळत नाहीत, दोन गेम बॉय केबलने जोडून अदलाबदल केल्याशिवाय यादी पूर्णच होत नाही. ताजिरी लहानपणी तोक्योजवळच्या माचिदात किडे पकडायचे, ते दुसऱ्याला दाखवायचे, त्यातूनच त्यांना हे सुचलं. त्यामुळे एकट्याने बसून खेळायचा गेम असून माणसं जमवायला लागायची, आणि मारामारी न आवडणाऱ्यालाही त्यात काम होतं, जमवणं, वाढवणं, त्यांना नावं देणं.

मग या मुली घरी गेल्यावर काय करत होत्या? लिहीत होत्या आणि काढत होत्या. चाहत्यांच्या कथांची साइट फॅनफिक्शन डॉट नेट १९९८ ला सुरू झाली, चित्रांची डेव्हियंटआर्ट २००० ला. पोकेमॉनमधल्या टीम रॉकेटचे जेसी आणि जेम्स यांच्यावर किती कथा लिहिल्या गेल्या असतील, दोन खलनायक, प्रत्येक एपिसोडच्या शेवटी आकाशात उडून जाणारे, आणि मुलींनी त्यांना लहानपण दिलं, घर दिलं, एकमेकांवर प्रेम करायला लावलं. दहा-बारा वर्षांच्या मुली गं! ही त्यांची पहिली कथा होती. आणि चित्रं, डोळा कसा काढायचा, आधी वरची जाड रेघ, मग बाहुली, मग प्रकाशाचा पांढरा ठिपका सोडायचा, असं टप्प्याटप्प्याने दाखवणारी पानं मुलीच मुलींसाठी करत होत्या. ताई, तुमच्या वर्गातली मुलं आज जे मोबाईलवर बघून शिकतात ती पद्धत तिथे रुजली.

त्याच मुली पुढे मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, विकत घ्यायला लागल्या. २००२ मध्ये टोकियोपॉप या प्रकाशकाने मांगा जपानसारखीच उजवीकडून डावीकडे वाचायची ठेवून १० डॉलरच्या आत विकायला काढली, कॉमिक्सच्या दुकानात नाही तर पुस्तकांच्या मोठ्या दुकानात. कॉमिक्सच्या दुकानात मुलींना अवघडल्यासारखं व्हायचं, पुस्तकाच्या दुकानात जमिनीवर मांडी घालून वाचत बसायच्या. मला वाटतं फॅन्डमचा चेहरा बदलला तो इथे, आणि नुसत्या तारखा मोजून हे दिसत नाही.

आचऱ्याचो_नाना

माका अमेरिकेचा तितक्या म्हायत नाय, पण आमच्या हयचा सांगतंय. केबलार कार्टून नेटवर्क दिसायचा, २००३ पासून पोकेमॉन हिंदीत लागायचो, लाईट गेली की संपला. चीटोजच्या पुडयेत टॅझो, म्हणजे चित्राचे गोल चकते, गावायचे, मुंबयसून चाकरमान्यांची पोरां मे महिन्यात येताना डबो भरून घेवन येयत आणि आम्ही आंब्याच्या बदल्यात तेंच्याकडसून टॅझो घेव. कुणकेश्वराच्या जत्रेत डुप्लिकेट कार्डां मिळायची. म्हणजे खूळ हयपण तितक्याच होता.

पण फुडे काय? वर तो पायऱ्या म्हणता ना, ती फुडची पायरीच हय नाय होती. मांगा खयच्या दुकानात नाय, इंटरनेट नाय. मगे डोरेमॉन इलो, शिनचॅन इलो, ते पण हिंदीत, आणि आम्ही बारावी झालो, इसारलो. २०१६ क जिओ इला तेव्हा ज्येंका आठवण होती ते परत वळले, आणि आता २०२५ क डीमन स्लेयर थेटरात हिंदीत इलो तर आमचो पुतणो रत्नागिरीक जावन बघून इलो. तेच्यामुळे माका मिऱ्याचा म्हणणा पटता. खूळ एकट्यान काय करीत नाय, फुडे वाट व्हयी.

चित्रवर्ग_देवगड

नानांनु, तुमचा हा भाग मी भाषणात घेणारच, परवानगी द्या. आपल्या मुलांना अमेरिकेची गोष्ट लांबची वाटेल, टॅझोची त्यांच्या आईवडिलांना लगेच कळेल. मेघा, डोळ्याच्या रेघांचं वाचून अंगावर काटा आला, माझ्या वर्गातली एक मुलगी हुबेहूब त्याच क्रमाने काढते, पांढरा ठिपका आधीपासून सोडून ठेवते.

आता दोन गोष्टी. एक, प्रोजेक्टर आहे, तर काय दाखवू जेणेकरून मूळ आणि डब हा फरक मुलांना भाषण न देता कळेल? दोन, एक पालक म्हणाले की पोकेमॉन बघून जपानमध्ये मुलं आजारी पडली होती, ते खरं आहे का? मला सभेत हा प्रश्न येणार हे नक्की.

हर्णै_दीपस्तंभ

पहिलं: पहिल्या एपिसोडमधला तो भाग, पाऊस, स्पिअरो या पक्ष्यांचा थवा मागे लागलेला आणि पिकाचू वीज सोडतो तो. एकदा इंग्रजी, एकदा जपानी. मुलांना नुसतं विचारा की कुणाचा आवाज बदलला आणि कुणाचा नाही. ॲशचा बदललाय, पिकाचूचा नाही, कारण इकुए ओतानी यांचाच आवाज इंग्रजीतही ठेवला. म्हणजे अमेरिकेतली पोरं एक जपानी अभिनेत्री पहिल्या दिवसापासून ऐकत होती. छोटा तुकडाच घ्या, पाच मिनिटं बास.

दुसरं: खरं आहे. १६ डिसेंबर १९९७ ला पोरिगॉन नावाच्या पोकेमॉनच्या एपिसोडमध्ये लाल-निळा प्रकाश फार वेगाने उघडझाप होत होता, त्यामुळे जपानभर मुलांना फिट, चक्कर, उलट्या असं झालं आणि ६८५ जणांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद ठेवली, तो एपिसोड पुन्हा कधीच दाखवला नाही. अमेरिकन पेपरात पोकेमॉन हे नाव बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा वाचलं ते या बातमीत, आणि नऊ महिन्यांत ती मालिका तिकडे सुरू झाली. या घटनेनंतर जपानमध्ये प्रकाशाच्या उघडझापीवर नियम आले, आणि मुलांच्या कार्टूनच्या सुरुवातीला खोलीत उजेड ठेवा, टीव्हीपासून लांब बसा अशी सूचना येते. पालकांना हे सरळ सांगा, लपवण्यासारखं काही नाही. तुम्ही दाखवाल त्या भागात पण वीज चमकते, तेव्हा हॉलमधले दिवे पूर्ण घालवू नका, पुढच्या रांगेतल्या लहान मुलांना जरा मागे बसवा, आणि कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर पालकांना आधीच विचारून घ्या.